हजेरीच्या वहीबाहेरची माणसे

कवी माणसाला खाणकामगारांच्या सुरक्षेवर बोलायला बोलावले, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. मलाही वाटले होते. पण माझे गाव चांदे, मुळशी तालुक्यातले. पुण्याच्या पश्चिमेला नांदे-चांदे ही नावे लोक जोडीनेच घेतात. आमच्याकडच्या टेकड्या काळ्या दगडाच्या. पुणे वाढले, हिंजवडीला कंपन्या आल्या, रस्ते रुंद झाले, तसतशा आसपासच्या टेकड्या खडी होऊन शहरात गेल्या. आणि माझे अब्बा एका दगडखाणीवर हजेरी लिहायचे.

१९८०च्या आसपास मी त्यांचा डबा घेऊन खाणीवर जायचो. दुपारी सुरुंगाचा बार उडायचा. आधी एक माणूस लाल फडके हलवत ओरडत फिरायचा. सगळे धावत ट्रकच्या आडोशाला जायचे. धुरळा खाली बसला की पुन्हा घण सुरू. काम करणारी बहुतेक वडार मंडळी. पुरुष घणाने मोठा दगड फोडायचा, बाई हातोडीने त्याची खडी करायची. तान्हे मूल बाभळीला टांगलेल्या झोळीत. मजुरी ब्रासवर मिळायची आणि ती नवऱ्याच्या नावावर पडायची. अब्बांच्या वहीत म्हणून एकाही बाईचे नाव नव्हते. यात कुणी लबाडी केली असे मला म्हणायचे नाही. तशी रीतच होती, आणि रीत असली की कुणाला काही खटकत नाही.

पुढे बी.ए. झाल्यावर, नोकरीच्या निमित्ताने कायद्याची पुस्तके हाती आली, तेव्हा कळले की आमची ती उघडी दगडखाणही कायद्याने 'खाण'च होती. आपल्याकडे पहिला खाण कायदा १९०१ सालचा. ७ जानेवारी १९०२ रोजी कलकत्त्याला खाणींच्या तपासणीचे कार्यालय उघडले, १९०८ साली ते धनबादला हलले. खाण सुरक्षा महासंचालनालयाचे मुख्यालय आजही तिथेच आहे. स्वातंत्र्यानंतर १९५२चा खाण कायदा आला. त्यात खडी, मुरूम, इमारतीचा दगड काढणाऱ्या लहान उघड्या खाणींना बहुतेक कलमांतून सूट होती, पण तीन अटींवर. खोली कुठेही सहा मीटरपेक्षा जास्त नको, एका दिवशी पन्नासपेक्षा जास्त माणसे नकोत आणि स्फोटके वापरायची नाहीत. म्हणजे पहिला बार उडाला त्याच दिवशी आमच्या खाणीची सूट संपली होती. ते ना अब्बांना ठाऊक होते, ना मुकादमाला. रॉयल्टी घेणारे तलाठी-तहसीलदार हाकेच्या अंतरावर. सुरक्षा पाहणारे मात्र दिल्लीच्या सरकारचे, आणि त्यांचे कुणी आमच्या खाणीवर आलेले मी तरी पाहिले नाही.

खाणकामगारांसाठी सरकारने काय केले, हे शोधताना एका मराठी माणसाशी वारंवार गाठ पडते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणी पाहायला गेले, स्वतः खाली उतरले, कामगारांच्या वस्त्या पाहिल्या. जानेवारी १९४४च्या अखेरीस कोळसा खाण कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर पडणाऱ्या कोळशावर उपकर बसवायचा आणि तो पैसा कामगारांची घरे, पाणी, दवाखाने यांवर खर्च करायचा, अशी ती योजना. १९४७ साली तिचा कायदा झाला. ज्या दगडाने माणूस झिजतो त्या दगडानेच त्याच्या औषधाचे पैसे द्यायचे, ही कल्पना मला अजूनही फार मोठी वाटते.

याच काळातली एक गोष्ट मात्र अवघड आहे. १९३७पर्यंत बायकांना जमिनीखालच्या कामातून पूर्ण बाहेर काढले होते. महायुद्धात कोळसा कमी पडू लागला आणि १९४३ साली सरकारने ही बंदी उठवली. मध्यवर्ती कायदेमंडळात त्यावर टीका झाली आणि सरकारची बाजू मांडण्याचे काम बाबासाहेबांवर आले. उत्तर देताना त्यांनी ही युद्धकाळापुरती गोष्ट असल्याचे सांगितले आणि बायकांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल यावर भर दिला. १९४६ साली बंदी पुन्हा लागू झाली. या निर्णयावर मते वेगळी असू शकतात. पण खाणीतल्या बाईची मजुरी तिची म्हणून मोजायची, हे तेव्हा सरकारदरबारी बोलले गेले होते. आमच्या खाणीवर पस्तीस वर्षांनंतरही ती नवऱ्याच्याच ब्रासमध्ये मिसळलेली होती.

कोळशामागून इतर खनिजांचे निधी आले. अभ्रकाचा १९४६ साली, चुनखडी व डोलोमाइटचा १९७२ साली, लोहखनिज व मँगनीजचा १९७६ साली. नागपूर-भंडाऱ्याच्या मँगनीज खाणींतल्या कामगारांना त्यातून दवाखाने, मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. हे उपकर आता बंद झाले आहेत. पण चालू होते तेव्हाही आमच्या काळ्या दगडाचे नाव त्या यादीत कधी आले नाही. १९६६ साली खाणींवरच्या पाळणाघरांचे नियम झाले. जिथे बायका कामाला, तिथे पाळणाघर. वहीत बाईच नाही, तर पाळणाघर कुणासाठी?

धुळीचेही तसेच. खाणीतल्या कामगाराला सिलिकोसिस झाला तर तो सरकारला कळवणे कायद्याने बंधनकारक होते. आपल्या बेसाल्टमध्ये मोकळी सिलिका वालुकाश्मापेक्षा बरीच कमी, हे खरे. पण वर्षानुवर्षे खडी फोडणाऱ्याच्या छातीत काय साठते, हे त्याला तपासल्याशिवाय कसे कळणार? कायद्याच्या नियमांप्रमाणे दर पाच वर्षांनी तपासणी व्हायला हवी होती. आमच्या आळीजवळ राहणारी एक बाई दोनदा टीबीचा कोर्स पूर्ण करूनही खोकत राहिली. ती काय काम करते, हे तिला कुणी विचारलेच नाही.

पुढे काही बदलले. वाघोलीच्या खाणींवर 'संतुलन' या संस्थेने दगडखाण मजुरांच्या मुलांसाठी पाषाण शाळा काढल्या. २०१५ साली केंद्राने जिल्हा खनिज प्रतिष्ठानांची तरतूद केली. महाराष्ट्रात गौण खनिजांचाही वाटा त्यात जमा होतो, म्हणजे आमच्या दगडानेही अखेर पैसे मोजायला सुरुवात केली. आणि १९५२चा कायदा जाऊन २१ नोव्हेंबर २०२५पासून व्यावसायिक सुरक्षेची नवी संहिता लागू झाली. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचे, असे ती सांगते. नवरा-बायको दोघे खडी फोडत असतील, तर पत्रे दोन निघतात की एक, हे मला पाहायचे आहे.

अब्बा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत ती वही सापडली. समोरच्या पानांवर अडतीस नावे, सगळी पुरुषांची. वही उलटी केली तर मागच्या बाजूला दुसरा हिशेब निघाला, पेन्सिलीने लिहिलेला. अब्बांनी आपल्या खिशातून दिलेली उसनवारी. कुणाला दोन रुपये, कुणाला तीन. ती नावे जवळजवळ सगळी बायकांची आहेत. फिटले त्यावर आडवी रेघ मारलेली. एका नावापुढे पाच रुपये आहेत, आणि बाजूला 'डोळ्यात कपची, औषधाला' असे लिहिले आहे. त्यावर रेघ नाही.