डिझेलची गाळणी : मालमोटारीच्या इतिहासातले एक दुर्लक्षित पान

अर्धापूरची केळी झाडावर पिकू देत नाहीत. घड हिरवे असतानाच उतरवायचे, मालमोटारीत रचायचे आणि उत्तरेकडच्या बाजारात पोहोचायला लागणाऱ्या दिवसांचा हिशेब धरून गाडी सोडायची, असा हा व्यवहार आहे. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या पाण्याने या तालुक्यात केळी वाढवली. ती दूरवर विकली जाऊ लागली मात्र नांदेडहून हिंगोली-अकोल्याकडे आणि नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यांमुळे. गाडी वाटेत एक-दोन दिवस अडकली, तर गाडीमालकाइतकाच बागायतदारही बुडतो. डिझेलची गाडी अडकण्याची कारणे पुष्कळ. त्यांतले एक जुने आणि नेहमीचे कारण म्हणजे तांब्याएवढ्या आकाराची एक गाळणी, डिझेल फिल्टर. वाहतुकीचा इतिहास लिहिताना आपण रस्ते, परवाने आणि कारखाने मोजतो. या गाळणीच्या बाजूने तो पाहिला तर एक वेगळा प्रश्न पुढे येतो : इंधन स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी कोणाची?

रुडॉल्फ डिझेलचे इंजिन जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे १८९७मध्ये यशस्वी ठरले. त्यात इंधन आत फवारण्यासाठी दाबलेली हवा लागे आणि त्या हवेसाठी अवजड कॉम्प्रेसर. त्यामुळे हे इंजिन बराच काळ कारखान्यांत आणि जहाजांवरच राहिले. ते रस्त्यावर सर्रास आले ते इंधनाचा पंप लहान झाल्यावर. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२२मध्ये असा पंप बनवण्याचे काम हाती घेतले आणि १९२७पासून तो कारखान्यातून नियमितपणे बाहेर पडू लागला. या पंपातला दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनांची असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. शिवाय या दट्ट्याला वेगळे वंगण नाही, डिझेल हेच त्याचे वंगण. पेट्रोल गाडीच्या कार्ब्युरेटरमधला कचरा फुंकून काढता येत असे. डिझेल पंपाच्या दट्ट्यावर पडलेला ओरखडा मात्र कायमचा. म्हणून डिझेल मोटारीत गाळणी ही मागाहून जोडलेली सोय नव्हे; तिच्याशिवाय तो पंप टिकलाच नसता.

आपल्या भागात मोटार वाहतुकीने मूळ धरले ते निजामाच्या काळात. निजामाच्या रेल्वेने १९३२मध्ये २७ बसगाड्यांनिशी सरकारी मोटारसेवा सुरू केली. मालवाहतुकीत डिझेलचे युग मात्र स्वातंत्र्यानंतरचे. बंगळुरूची मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘मायको’, १९५१मध्ये बॉशच्या सहकार्याने उभी राहिली. टेल्कोने १९५४मध्ये डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ‘टाटा-मर्सिडीज’ मालमोटारी बनवायला घेतल्या. हे सहकार्य १९६९मध्ये संपले, समोरच्या जाळीवरचा त्रिकोणी तारा गेला आणि त्या जागी ‘टी’ आला. पण गाडीची जडणघडण तीच राहिली. पुढे मायकोचा कारखाना नाशिकला आला आणि इंजेक्टर-नोझल महाराष्ट्रातच बनू लागले.

या गाड्यांच्या इंजिनाला बाजूबाजूला दोन वाट्या असत. पहिल्या वाटीत कापडी किंवा नमद्याची गाळणी, दुसरीत घडीदार कागदाची. पहिलीने जाडा कचरा धरायचा, दुसरीने बारीक. नमद्याची गाळणी स्वच्छ डिझेलमध्ये धुऊन पुन्हा बसवता येई; कागदाची धुवायची नसते, बदलायचीच असते. काटकसरीपोटी ती झटकून परत घालण्याची सवय अनेक गाड्यांना नडली. कागदाला अदृश्य चीर गेली की गाडी आधीपेक्षा चांगली ओढते, कारण डिझेलला आता अडथळाच उरलेला नसतो. पंप झिजल्याचे कळते ते काही महिन्यांनी, धूर काळा झाल्यावर.

गाळणी बदलण्याचे काम उस्तादाने क्लीनरला शिकवायचे, अशी पद्धत होती. आधी वाट्यांवरची धूळ पुसायची, कारण उघडताना पडलेला खडा थेट आत जातो. मधला बोल्ट ढिला करून वाटी उतरवायची, तळाचा गाळ आणि पाणी ओतून द्यायचे, रबरी वायसर नवी घालायची. मग खरे काम उरते ते हवा काढण्याचे. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर दट्ट्या हवाच दाबत बसतो आणि इंजिन सुरू होत नाही. ‘गाडीने एअर पकडली’ म्हणतात ते हेच. वरचा स्क्रू थोडा सैल करून फीड पंपावरची मूठ हाताने चालवत राहायचे. फेस थांबून डिझेलची सलग धार आली की स्क्रू आवळायचा. त्यानंतर पंपावरच्या स्क्रूपाशी तेच. या कामाचे छापील पुस्तक क्लीनरच्या हाती क्वचितच पडले असेल, पण ज्ञान पक्के होते आणि ते हातातून हातात गेले.

पाण्याचा धोकाही याच पिढीने ओळखला. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड होते आणि आतल्या हवेतली वाफ पाणी होऊन तळाशी बसते. टाकी रात्री भरून ठेवावी, हा सल्ला त्यातून आला. उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांना आणखी एक गोष्ट सोसावी लागते. थंडीत डिझेलमधले मेण गोठते आणि गाळणी चोंदते. भारतीय मानकात यासाठी गाळणी चोंदण्याचे तापमानच ठरवून दिले आहे : हिवाळी डिझेलसाठी जास्तीत जास्त ६ अंश सेल्सियस, उन्हाळीसाठी १८. दख्खनमधले उन्हाळी डिझेल टाकीत घेऊन कोणी उत्तरेच्या थंडीत शिरले, तर स्वच्छ गाळणीही बंद पडू शकते.

मात्र गाळणी धूळ अडवते, गाळ अडवते, काही प्रमाणात पाणीही. लबाडी अडवत नाही. रेशनचे रॉकेल डिझेलपेक्षा खूप स्वस्त होते तोवर भेसळीचा धंदा फोफावला. रॉकेल डिझेलमध्ये पूर्ण मिसळते आणि कागदातून सहज पार होते. त्याला वंगणगुण कमी, त्यामुळे पंप कोरडा घासला जातो. सरकारने रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला, तरी धंदा थांबला नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे ही भेसळ रंगेहाथ पकडणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. जे काम गाळणीच्या आवाक्याबाहेरचे होते, ते करताना एका अधिकाऱ्याचा जीव गेला, ही नोंद मालमोटारीच्या इतिहासात असायलाच हवी.

त्यानंतरचा बदल मोठा आहे. सन २०००मध्ये डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत २,५०० भाग होती. एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ आले तेव्हा ती १० वर आली. गंधक काढताना डिझेलचा वंगणगुणही घटतो, म्हणून तो वेगळा मिसळावा लागतो. कॉमन रेल इंजिनात दाब दीड हजार बारच्या पुढे जातो. तिथे चालू इंजिनाची नळी सैल करून हवा काढणे म्हणजे जीवाशी खेळ. नवी गाळणी बसवण्याआधी डब्यातल्या डिझेलने भरून घेण्याची जुनी सवयही इथे घातक, कारण ते न गाळलेले डिझेल थेट स्वच्छ बाजूला जाते. पाणी साचले की आता दिवा लागतो आणि बरीचशी कामे कंपनीच्या वर्कशॉपकडे गेली आहेत.

सुरुवातीचा प्रश्न इथे पुन्हा पाहता येतो. जबाबदारी आधी क्लीनरच्या हातावर होती, मग ती कारखान्याच्या कागदावर आली, पुढे शासनाच्या मानकावर आणि तपासणीवर. यांतल्या कोणाचेही काम दुसऱ्याने आपसूक होत नाही. दिवा लागला तरी तळाचा स्क्रू उघडून पाणी सोडावे लागतेच. आणि ते कोणी सोडायचे, हे आज अनेक गाड्यांवर ठरलेले नाही, कारण क्लीनर ठेवणेच परवडेनासे झाले आहे. चालक एकटाच असतो, त्याला वेळेवर पोहोचायचे असते आणि मागे हिरवी केळी पिकत असतात.