बिऱ्हाड आणि फर्निचर : नागपूरच्या भाडेकरारांतील एका यादीविषयी

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण इतक्या सहजपणे वापरतो की तिच्यातील 'बिऱ्हाड' या शब्दाकडे आपले लक्षच जात नाही. बिऱ्हाड म्हणजे भाड्याची जागा, आणि बिऱ्हाड म्हणजे त्या जागेत येणारे चंबूगबाळेही. जुन्या नागपुरात, महालातल्या किंवा इतवारीतल्या वाड्यात, बिऱ्हाडकरूला मिळत ते चार भिंती, एक मोरी आणि विहिरीवरचा वाटा. ट्रंक, वळकटी, शेगडी, पाट, घडवंची हे ज्याचे त्याने आणायचे. अशा व्यवस्थेत घरमालकाच्या खुर्चीचा पाय मोडका निघाला म्हणून भांडण होणे शक्यच नव्हते, कारण ती खुर्चीच नव्हती. भांडणे होत ती गळक्या कौलांवरून, पाण्यावरून आणि तुंबलेल्या भाड्यावरून.

घराबरोबर सामानही भाड्याने द्यावे ही कल्पना आपल्याकडे मुख्यतः इंग्रजी अमलाबरोबर, बदलीच्या साहेबांच्या बंगल्यांतून आली. नागपूर १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी असल्याने सिव्हिल लाइन्समध्ये ती रुजली. 'फर्निचर'ला मराठीत आजही सुटसुटीत प्रतिशब्द नाही, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

ज्या कायदेपरंपरेतून ही कल्पना आली, तिथे या प्रश्नाचा पहिला महत्त्वाचा निकाल लागला तो ढेकणांमुळे. १८४३ च्या त्या निकालाची हकीगत अशी : सर टॉमस मॅरेबल यांनी ब्रायटन येथे आठवड्याला आठ गिनी भाड्याने एक सुसज्ज घर घेतले. घरात ढेकूण निघाले. कुटुंब एका आठवड्यात बाहेर पडले. घरमालकाने उरलेल्या भाड्यासाठी दावा लावला आणि तो हरला. सामानासह घर दिले तर ते राहण्यायोग्य असलेच पाहिजे, ही अट करारात लिहिलेली नसली तरी गृहीत धरावी, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वर्षी दुसऱ्या एका खटल्यात मात्र घर रिकामे दिलेले होते. ढेकूण तिथेही होतेच. पण रिकाम्या घराला अशी अट लागू नाही, असा निर्णय झाला. म्हणजे भाडेकरूला संरक्षण मिळाले ते सामानामुळे! फर्निचर देणारा मालक अधिक जबाबदार, हे तत्त्व प्रस्तुत लेखकाला मोठे न्याय्य वाटते.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात मात्र हा भेद आला नाही. त्याच्या १०८ व्या कलमात मालकाने छुपा दोष सांगावा, भाडेकरूने वाजवी झीज वगळता वस्तू होती तशी परत करावी, असे आहे. पण तिथे नजर आहे ती स्थावरावर. पुढे मुंबईच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने आणि मध्य प्रदेशाच्या १९६१ च्या कायद्याने 'जागे'च्या व्याख्येत मालकाने पुरवलेले फर्निचर समाविष्ट केले. त्याच्या दर्जाविषयी काही सांगितले, असे मात्र नव्हे.

नागपूरचा इतिहास या दोहोंच्या मधला. १ नोव्हेंबर १९५६ ला शहर द्विभाषिक मुंबई राज्यात आले, राजधानीपण गेले, पण भाड्याचा कायदा बदलला नाही. 'सी. पी. अँड बेरार लेटिंग ऑफ हाउसेस अँड रेंट कंट्रोल ऑर्डर, १९४९' हाच आदेश विदर्भात पुढे पन्नास वर्षे चालला. त्याखाली भाडे-नियंत्रकाच्या लेखी परवानगीवाचून मालकाला भाडेकरार संपवण्याची नोटीस देता येत नसे. साहजिकच सारी शक्ती त्या परवानगीभोवती खर्च झाली : थकबाकी, पोटभाडेकरू, मालकाची स्वतःची गरज. जागा टिकते की जाते या प्रश्नापुढे खुर्च्यापलंगांची काय कथा!

३१ मार्च २००० रोजी महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा लागू झाला आणि अकरा महिन्यांच्या अनुज्ञप्ती-कराराचे, म्हणजे 'लीव्ह अँड लायसन्स'चे, युग नागपुरातही स्थिरावले. धरमपेठ, प्रतापनगर, पुढे मिहानच्या बाजूची वर्धा रोडवरची संकुले येथे 'फर्निश्ड' फ्लॅट दिसू लागले. भुसा भरलेल्या फळ्यांचा दिवाण, फुगलेली प्लायवूडची कपाटे, आणि नागपूरपुरते सांगायचे तर कूलर. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की पत्र्याचा तो खोका चैनीची वस्तू राहत नाही. त्याचे गवत कोणी बदलायचे, पंप जळला तर कोणाचा, यावर या शहरात जितके वाद झाले असतील तितके सोफ्यावर खचित झाले नसतील.

साहित्याच्या अभ्यासकाने या करारांना जोडलेली सामानाची यादी एकदा संहिता म्हणून वाचावी. तिच्यात नामे आणि संख्या असतात : पलंग १, खुर्च्या २, कूलर १. विशेषण एकच, तेही सर्वांना मिळून, 'सुस्थितीत'. फार तर 'चालू'. (मराठीत 'चालू' या शब्दाचा दुसरा अर्थ यादी लिहिणाऱ्याला ठाऊक नसेल असे कसे म्हणावे?) प्रवेशाच्या दिवशी हे विशेषण निव्वळ उपचार असते, अनामत परत मागण्याच्या दिवशी ते साक्षीदार होते. कायद्याच्या २४ व्या कलमानुसार मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याविरुद्ध मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो, दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो, आणि तिथे लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. मोडका पलंग मिळालेल्या राहणाऱ्यासाठी मात्र असा जवळचा रस्ता त्या कलमात नाही. १४ व्या कलमाने जागेची दुरुस्ती मालकावर टाकली आहे. नोटिशीनंतर पंधरा दिवसांत ती झाली नाही तर भाडेकरूने स्वतः करून वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत वळती करावी. पण पलंग म्हणजे जागा काय? केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्याने घरगुती अनामतीला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली, दुरुस्त्यांची विभागणीही दिली. तीत कपाटांच्या मुठी आणि कुलपे बदलणे भाडेकरूकडे आले.

२००३ साली मी स्वतः अशा एका खोलीत राहायला गेलो. पलंग नवारीचा होता, झोपल्यावर पाठ जमिनीशी बोलत असे. करार टंकलिखित होण्यापूर्वी मी यादीत 'नवार सैल' असे दोन शब्द घालण्याचा आग्रह धरला. घरमालक वयस्कर होते, सज्जन होते. 'एका पलंगापायी इतकं लिहिता का जी?' असे म्हणून ते हसले आणि त्यांनी ते शब्द घालू दिले. अकरा महिन्यांनी खोली सोडली तेव्हा पलंगाचे एक पैसाही कापले गेले नाही. कापले गेले ते कूलरच्या पंपाचे. त्याच्यापुढे आम्ही दोघांनी मिळून लिहिले होते, 'चालू'.