कोविड-१९ सार्वजनिक चौकशी, ब्रिटन

कोविड-१९ महासाथीला ब्रिटनने दिलेला प्रतिसाद आणि तिचे समाजावर झालेले परिणाम तपासणारी वैधानिक चौकशी. शोकग्रस्त कुटुंबांनी तिची मागणी लावून धरल्यावर पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी मे २०२१ मध्ये घोषणा केली. माजी न्यायाधीश हेदर हॅलेट या अध्यक्ष असून २००५ च्या चौकशी कायद्यान्वये जून २०२२ मध्ये काम सुरू झाले. साक्षीदारांना हजर राहण्यास आणि कागदपत्रे सादर करण्यास भाग पाडण्याचा अधिकार चौकशीला आहे. दिवाणी वा फौजदारी दायित्व मात्र ती ठरवत नाही.

सज्जता, राजकीय निर्णय, आरोग्यसेवा, लसी, वृद्धांची निगा, मुले अशा विषयांचे स्वतंत्र विभाग केले आहेत. दहावा विभाग समाजावरील परिणामांचा आहे. अंत्यविधींवरील निर्बंध, बंद प्रार्थनास्थळे, घरगुती हिंसाचार, बेघरपणा, मानसिक आरोग्य आणि अत्यावश्यक सेवेतील कामगारांचे हाल त्यात येतात. ‘एव्हरी स्टोरी मॅटर्स’ उपक्रमातून हजारो सामान्य नागरिकांचे अनुभव नोंदवले गेले.

जुलै २०२४ मधील पहिल्या अहवालाने देशाची तयारी फ्लूच्या साथीपुरती, म्हणजे चुकीच्या साथीसाठी होती, असा निष्कर्ष काढला. मृत्यूंच्या आकडेवारीत आप्तांना निरोप देता न आल्याचे दुःख दिसत नाही. ते सरकारी दप्तरी पुरावा म्हणून दाखल होणे, हे या चौकशीचे मोठे मोल आहे. शिफारशींची अंमलबजावणी मात्र सरकारवर कायद्याने बंधनकारक नाही. त्यामुळे चौकशीचे खरे यश पुढील साथीपूर्वी होणाऱ्या सुधारणांवर अवलंबून राहील.