अलंकारमधले दहा जण

१९६४ साल. ग्रँट रोड स्टेशनातून बाहेर पडून तुम्ही खेतवाडीच्या अंगाला 'अलंकार' थिएटरपाशी पोहोचता. 'दूर गगन की छाँव में'चा पहिला खेळ, आणि तिकीटखिडकीसमोर रांगच नाही.

डोअरकीपर अर्धं तिकीट फाडून हातात देतो, बॅटरीचा झोत नुसताच हलवतो. बसा हवं तिथे. तुम्ही खुर्ची खाली दाबता, ती करकरते, आणि रिकाम्या थिएटरात तो आवाज थेट पडद्यापर्यंत जातो. तुम्ही माणसं मोजता. जेमतेम दहा. त्यांतला एक खुद्द किशोरकुमार, काही त्याच्याच रेकॉर्डिंगची मंडळी. ही हकीकत पुढे त्याचा मुलगा अमितकुमार सांगणार आहे. किशोर कुठल्या रांगेत बसलाय ते बघायचा मोह होतो, पण तुम्ही मान वळवत नाही. अशा वेळी माणसाच्या तोंडाकडे बघू नये.

तुम्हाला 'चलती का नाम गाडी' आठवतो. दोनच वर्षांपूर्वीच्या 'हाफ टिकट'मध्ये एकाच गाण्यात बाईचा आणि पुरुषाचा, दोन्ही आवाज त्यानेच काढले होते. लोक हसायला येतात ते या किशोरकडे.

पण 'रागिनी'ही आठवतो, १९५८ चा. पडद्यावर किशोर, गाणं रागदारीचं, आणि गळा मोहम्मद रफींचा. संगीतकार ओ. पी. नय्यर. पुढच्याच वर्षी 'शरारत'मध्ये पुन्हा तेच: आयुष्यावरचं गंभीर गाणं, ओठ किशोरचे, आवाज रफींचा. रफींनी गायलंय अप्रतिमच, त्याबद्दल दुमत नाही. तरी ते बघताना जीव तुटतो. १९४८ मध्ये 'जिद्दी'साठी खेमचंद प्रकाशांकडे पहिलं गाणं म्हणणाऱ्या या पोराच्या गळ्यात सैगल भरून होते. शास्त्रीय तालीम नव्हती, दर्द मात्र होता. मग माकडचेष्टा गाजल्या आणि दर्दाचं कुणी विचारेना.

पडदा उजळतो. चित्र काळंपांढरं. लढाईवरून परतलेला शिपाई, घर जळालेलं, बायको गेलेली, आगीच्या धक्क्याने पोराची वाचा बसलेली. तो मुका पोर म्हणजे किशोरचाच अमित. दिग्दर्शन, निर्मिती, संगीत, सगळं किशोरचं. गंभीर गाणं मिळावं म्हणून माणसाने अख्खा सिनेमा उभा केला, असं मला तरी वाटत आलंय.

बाप मुलाला घेऊन चाललाय. गाणं सुरू होतं. शब्द त्याचे, चाल त्याची, गळाही त्याचाच. यॉडलिंग नाही, आवाजाची कसरत नाही. पोराच्या कानाशी बोलावं इतक्या हळू तो गातो, आणि ओळीच्या शेवटी सूर ताणत नाही, अलगद खाली ठेवतो. पोराला उत्तर देता येत नाही, म्हणून दोन ओळींमधली शांतता जास्तच ऐकू येते. पुढच्या रांगेतल्या माणसाने तोंडात टाकलेला शेंगदाणा चावायचा थांबवलाय. तुमच्याही गुडघ्यावरची बोटं ताल धरता धरता थबकली आहेत.

ही जागा त्याला उसनी मिळाली आहे. थिएटर 'एप्रिल फूल' या दुसऱ्या सिनेमासाठी आधीच घेतलेलं होतं, त्यातलाच काही काळ त्याच्या वाट्याला आला. आणि हा पहिलाच खेळ. तुम्ही आठवडाभराने परत या. माणसं माणसांना सांगत सुटलीत, हाउसफुल्लची पाटी लागलीय. 'अलंकार'ला सिनेमा २३ आठवडे चालला, हेही अमितकुमारच सांगतो.

गर्दीत उभ्या उभ्या एक गाणं नीट ऐका, वाटसरूला थांबू नकोस म्हणणारं. संगीतकार किशोर, पण आवाज हेमंतकुमारांचा. यावेळी गाणं दुसऱ्याला द्यायचं ते त्याने स्वतः ठरवलंय.