चेक इंजिन लाइट लागली, कोड आला ‘पी०४५२’. म्हणजे सेन्सरच खराब का?

पेट्रोलच्या टाकीतली वाफ हवेत सुटू नये म्हणून ती चारकोल कॅनिस्टरमध्ये साठवतात आणि नंतर इंजिनात जाळतात. ही वाफ कुठे गळते का, हे टाकीतल्या दाबावरून कळतं. तो दाब मोजतो फ्युएल टँक प्रेशर सेन्सर. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना ‘ओबीडी-२’ ही तपासणी व्यवस्था बंधनकारक आहे. तिथल्या अनेक राज्यांत ही लाइट लागलेली गाडी प्रदूषण चाचणीत नापास होते.

कोडचा अर्थ काय?
पी०४५१ : रीडिंग परिस्थितीशी जुळत नाही.
पी०४५२ : सिग्नल खूप कमी.
पी०४५३ : सिग्नल खूप जास्त.
तुटलेली वायर किंवा गंजलेला कनेक्टर असेल तरी हेच कोड येऊ शकतात.

कसं ओळखायचं?
१. इंजिन बंद ठेवून पेट्रोलचं झाकण काढा. आता टाकीतला दाब बाहेरच्या हवेइतका होतो. इग्निशन ऑन करून स्कॅनरवर पाहा. दाब शून्याच्या जवळ दिसायला हवा.
२. तसा नसेल तर कनेक्टर काढून मल्टिमीटर लावा. सहसा तीन वायर असतात: ५ व्होल्टचा पुरवठा, ग्राउंड आणि सिग्नल. पुरवठा किंवा ग्राउंड मिळत नसेल, तर दोष सेन्सरच्या बाहेर आहे.
३. तिन्ही वायर ठीक असूनही रीडिंग चुकीचं येत असेल, तरच सेन्सर बदला.

अनेक गाड्यांत हा सेन्सर टाकीच्या वरच्या बाजूला असतो. तो बदलायला टाकी खाली उतरवावी लागते आणि मजुरी वाढते. पेट्रोलची वाफ पेट घेते, त्यामुळे हे काम घरी न करता गॅरेजमध्येच करून घ्या.