किर्लोस्करवाडी : गाव आपले, घर कंपनीचे

१/ पुणे–मिरज लोहमार्गावर किर्लोस्करवाडी हे स्थानक लागते. त्याचे जुने नाव कुंडल रोड. एका कारखान्यामुळे स्थानकाचे नावच बदलावे, असे भाग्य थोड्याच वसाहतींना लाभले. या वाडीची आणि तिच्या आठवणींची ही कथा.

२/ बेळगावच्या नगरपालिकेला उपनगरासाठी जागा हवी होती. त्यामुळे लक्ष्मणराव किर्लोस्करांना आपला कारखाना हलवावा लागला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानातील कुंडलजवळचे माळरान देऊ केले. साल १९१०. निवडुंग आणि साप यांचेच तेथे राज्य होते. त्या माळावर लोखंडी नांगर तयार होऊ लागले आणि कारखान्याभोवती वस्ती वसली.

३/ शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रखवालीवर नेमले आणि वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास बंदी केली. त्या काळच्या गावगाड्यात हे किती अवघड होते, याची कल्पना आज सहज येणार नाही.

४/ मात्र महाराष्ट्राच्या घराघरांत वाडी पोहोचली ती नांगरापेक्षा कागदावरून. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याचे हे वार्तापत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले; १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ आले. पुण्या-मुंबईबाहेरच्या एका माळावरून मध्यमवर्गाचे वाचन घडत होते! माझ्या मते वाडीचा हा वारसा नांगराहून तसूभरही कमी नाही.

५/ आता १९४८. गांधीहत्येनंतर ब्राह्मणांच्या घरांवर आणि व्यवसायांवर हल्ले झाले. त्या आगीत वाडीचा कारखानाही जळाला. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला. पण निवडुंगाची गोष्ट जितक्या उत्साहाने सांगितली जाते, तितक्या मोकळेपणाने ही आग सांगितली जात नाही. ज्यांची घरे जळाली आणि ज्या गावांतून जमाव आले, त्या दोघांचीही मुले पुढे याच परिसरात वाढली. दोन्हीकडे मौन आहे.

६/ कंपनीच्या वसाहतींच्या स्मृतीला आणखी एक अडचण असते. भोंग्यावर दिवस उजाडतो, सारी गल्ली एकमेकांना ओळखते, पण वडील निवृत्त झाले की क्वार्टर सोडावी लागते. ज्या घरात बालपण गेले, त्याचा सातबारा कधीच आपल्या नावावर नसतो. वाड्याचे वारस कागदपत्रे जपतात. क्वार्टरमधली माणसे पांगतात आणि त्यांच्याबरोबर छायाचित्रेही.

७/ तुमचे आजी-आजोबा अशा वसाहतीत राहिले असतील, तर संस्थापकांची गोष्ट ग्रंथालयात मिळेल. ती त्यांना विचारू नका. पाणी कोठून येत असे, साहेबांच्या बंगल्यांपासून कामगारांच्या चाळी किती दूर होत्या, १९४८ च्या त्या दिवसांत घरात काय बोलले गेले, हे विचारा. आणि उत्तर लिहून ठेवताना तारीख घाला.