माथ्यावरचा हात

ईदच्या दिवशी थोरांनी धाकट्यांच्या माथ्यावर हात ठेवून दुआ द्यायची, हा आमच्या घरचा जुना रिवाज. काही वर्षांपूर्वी रमजान ईदला माझ्या थोरल्या बहिणीने आपल्या मुलाच्या डोक्यावर असाच हात ठेवला. तिचे ओठ हलत होते, डोळे मिटलेले होते. मुलगा मात्र काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने बसून राहिला. नंतर मला अंगणात बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मामू, अम्मीचा हात मला कळलाच नाही. वुजू करताना डोक्यावरून ओला हात फिरवतो, तर पाणीसुद्धा लागत नाही. हे डोकं माझं नाहीच, असं वाटतं."

दोन महिन्यांपूर्वी त्याने हेअर ट्रान्सप्लांट करून घेतले होते. केस किती लावणार, पैसे किती लागणार, हे त्याला नीट सांगितले गेले होते. बधिरपणाबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नव्हता. लग्नाची बोलणी चालली होती आणि पोराची झोप उडाली होती.

मी कवी माणूस, वैद्यकातले मला काय कळणार? पण त्याच्या त्या वाक्याने मला पुस्तकांकडे नेले. तिथे दोन वेगवेगळे इतिहास हाती लागले. एक केसांचा, दुसरा स्पर्शाचा.

केसांचा इतिहास सुरू होतो जपानमध्ये. शोजी ओकुडा या त्वचारोगतज्ज्ञाने 1939 साली एक पद्धत प्रसिद्ध केली. भाजल्यामुळे किंवा जखमेमुळे केस गेलेल्या जागी केसांसकट कातडीच्या बारीक गोल चकत्या बसवायच्या. पण ते लिखाण जपानी भाषेत, वर महायुद्धाचा काळ. पश्चिमेकडे ते पोचलेच नाही. पुढे 1952 साली न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइक यांनी पुरुषी टकलावर हाच प्रयोग केला आणि 1959 साली तो प्रसिद्ध केला. त्यांना आढळले की मानेकडचा केस पुढे आणून लावला, तरी तो आपल्या मूळ जागेचाच स्वभाव पाळतो. मागे तो गळणारा नव्हता, पुढेही गळत नाही. आजचा सारा व्यवसाय या एका निरीक्षणावर उभा आहे.

त्या वेळी चकत्या चार मिलिमीटरच्या असत आणि डोके बाहुलीच्या डोक्यासारखे दिसे. 1990 नंतर मागची कातडीची पट्टी कापून सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यातील एक ते चार केसांचे पुंजके सुटे करू लागले. 2002 पासून एकेक पुंजका थेट डोक्यावरूनच काढण्याची पद्धत रुळत गेली. केसांची गणती अशी बारीक होत गेली. स्पर्शाची गणती मात्र आधीच एका माणसाने करून ठेवली होती.

त्याचे नाव हेन्री हेड. लंडनचा हा डॉक्टर मज्जातंतूंचा अभ्यासक होता. नस तुटलेल्या रुग्णांना नेमके काय जाणवते, हे त्यांच्या तोंडून पुरेसे कळेना, तेव्हा 1903 च्या एप्रिलमध्ये त्याने स्वतःच्या डाव्या हाताचे मज्जातंतू कापून घेतले आणि त्यांची टोके पुन्हा शिवून घेतली! मग तो केंब्रिजला आपला मित्र डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स याच्याकडे जाऊन डोळे मिटून बसे. हा रिव्हर्स म्हणजे निलगिरीतल्या तोडा लोकांवर ग्रंथ लिहिणारा तोच. तो कापूस, टाचणी, गरम आणि गार पाणी लावून पाही. हलका स्पर्श मोजायला काडीला बसवलेला केसही वापरी. हा उद्योग 1907 पर्यंत चालला.

काय दिसले? काही आठवड्यांनी टोचणे कळू लागले, पण ते ओबडधोबड. टोचले एकीकडे, कळ भलतीकडे. हलका स्पर्श आणि बारीक फरक यांना त्याहून कितीतरी अधिक काळ लागला. हेडने यावरून मांडलेला सिद्धान्त पुढच्या संशोधकांनी खोडून काढला. 1909 साली ट्रॉटर आणि डेव्हिस या दोघांनी तर स्वतःच्याच नसा कापून त्याला उत्तर दिले. पण संवेदना एकदम परतत नाही, आधी चुकतमाकत येते, हा अनुभव आजही रुग्णांना येतो. आणि हो, हा हेड कवीही होता. 1919 साली त्याचा कवितासंग्रह निघाला.

भाच्याच्या डोक्यात हेच घडत होते. भूल काही तासांत उतरते, तिचा यात दोष नाही. मानेतून निघालेले मज्जातंतू डोक्याच्या मागून टाळूकडे जातात. मागून केस काढताना आणि पुढे शेकडो बारीक छेद देताना त्यांच्या बारीक शाखा दुखावतात. तुटलेला तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. म्हणून बधिरपणा काही आठवडे, बहुधा काही महिने टिकतो. पट्टी कापली असेल तर अधिकही. क्वचित एखादा भाग कायमचा बधिर राहतो, आणि हे शस्त्रक्रियेआधीच सांगितले गेले पाहिजे. तोवर कढत पाणी, गरम तेलाची चंपी, केस वाळवायचे यंत्र यांपासून जपावे. भाजले तरी कळत नाही. कळा वाढल्या, पू किंवा ताप आला, तर मात्र थांबू नये, डॉक्टरांकडे जावे.

हे सारे मी भाच्याला सांगितले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "हे आधी कोणी सांगितलं असतं तर मी इतका घाबरलो नसतो."

बकरी ईदच्या सुमारास त्याच्या डोक्याला मुंग्या येऊ लागल्या. कानामागे खाजवले की टाळूला खाजते, असे सांगून हसू लागला. पुढच्या रमजान ईदला बहिणीने पुन्हा त्याच्या माथ्यावर हात ठेवला. मी पाहतच होतो. तो क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "अम्मी, तुझी अंगठी टोचते." बहिणीने हात काढला नाही.